शेवटचा शब्द

मंगळवार, ४ मार्च

चि. भिंगरीस आत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या आईचा फोन आला. सिनेगॉगच्या वर्गावर हिब्रूच्या नव्या मॅडम आल्या आणि तू घरात इन्स्पेक्टर झालीस म्हणे! शुक्रवारी संध्याकाळी तुझे पप्पा द्राक्षरसाचा पेला हातात धरून आशीर्वाद म्हणत होते आणि अगदी शेवटच्या शब्दाला तू त्यांना अडवलंस. 'शब्बाथ' नव्हे, 'शबात' म्हणायचं, मॅडम सांगतात! तेही पाहुण्यांसमोर. त्यांनी पेला खाली ठेवला तो ठेवलाच. यापुढे मॅडमनाच बोलवा, म्हणाले.

माझा भाऊ आठवडाभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासतो, पण शुक्रवारी दिवस मावळताना गिऱ्हाईक दारात असलं तरी दुकान बंद करतो. तो 'थ' आमच्या वडिलांचा आहे. तेव्हा तुझ्या मॅडम कुठे होत्या?

मी तर कॉन्व्हेंटात शिकले, वर्गात एकटीच ज्यू. सगळ्या मुली प्रार्थनेला गुडघे टेकायच्या, तेव्हा सिस्टर मला मागच्या बाकावर बसवून सांगायच्या, तू तुझ्या घरची म्हण. परक्या धर्माच्या बाईने मला घरचं जपायला लावलं आणि आपल्यातली बाई तुला घरच्यांच्या चुका काढायला लावते! पप्पांची माफी माग. आजच.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
आत्या

रविवार, ९ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान भाजले. तरी माफी मागणार नाही. आपण हे सगळं का करतो, असं मी कितीदा विचारलं! उत्तर एकच, करतात म्हणून. मॅडमनी पहिल्यांदा अर्थ सांगितला. शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा दिवस आणि ती विश्रांती ही देणगी आहे, असं त्या आशीर्वादात आहे. पप्पा दुकान का बंद करतात, ते मला तेव्हा कळलं. नाहीतर मी वर्ग सोडणारच होते.

पप्पांना कसं सुधारलं, ते मी मॅडमना ऐटीत सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, 'थ'सुद्धा जुनाच आहे, मी मला शिकवलेला 'त' शिकवते. मग विचारलं, आता तुमच्या घरी म्हणणार कोण? परवाच्या शुक्रवारीही कुणी म्हटलं नाही. आई मेणबत्त्या लावते आणि आम्ही तसेच जेवायला बसतो. आत्या, मी काय करू?

तुझी हट्टी भाची

बुधवार, १२ मार्च

चि. भिंगरीस अ. आ.

बाई बरी दिसते. हे लिहिताना पेन अडखळलं, याची नोंद घे.

पण मॅडम काय म्हणाल्या ते पप्पांना मुळीच सांगू नकोस. आपल्या बापाचा 'थ' म्हणायला त्याला कुणा बाईची परवानगी नको. माफीचं भाषणही नको, तुझी भाषणं लांबतात. पेला भर, त्याच्यापुढे ठेव आणि तोंड बंद ठेव. हे शेवटचं तुला जमेल का, एवढीच शंका आहे.

लोभ थोडा कमी केला होता, तो पूर्ववत केला आहे.
आत्या

रविवार, १६ मार्च

ती. आत्यास सा. न.

तोंड बंद ठेवायचं तेवढं जमलं नाही. पेला पुढे ठेवला. पप्पांनी तो उचलला नाही. मला राहवलं नाही. तुमच्या मागोमाग म्हणू का, असं विचारलं. ते उठून उभे राहिले. एकेक ओळ ते म्हणायचे, मग मी. शेवटचा शब्द आला. पप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि स्पष्ट म्हणाले, 'शबात'.

आणि आत्या, मी त्यांच्या मागोमाग म्हटलं, 'शब्बाथ'.

आई इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं.

तुझी भिंगरी