कमानीखालची हॅट

४ बहमन १३५०, लातूर. सकाळी पाच (लिहायला बसलो साडेआठला).
आजपासून रोजनिशी, तारखाही निजाम सरकारच्या फसली. ओव्हरसियरला रेकॉर्ड हवंच. दोन महिने माणिकप्पा मिस्त्रींच्या हाताखाली उमेदवारी, मग परीक्षा, सनद, आणि उमरीला ओव्हरसियरची जागा. सासऱ्यांनी, म्हणजे बापूसाहेबांनी, नांदेडहून शब्द टाकून ठेवला आहे. मात्र सनद हातात येईपर्यंत विमलला नांदवायला पाठवणार नाहीत. लग्नाला दीड वर्ष झालं. अट अपमानाची आहे. मी मोठ्या मनानं मान्य केली, कारण त्यांनी विचारलंच नाही.
हॅट घेतली. आरशात पाहिलं. चेहरा मुळातच अधिकाऱ्याचा आहे.
संकल्प : रोज पाचला उठणे.

५ बहमन. सव्वानऊ.
थंडी फार.

९ बहमन.
माणिकप्पा सत्तरीचे, दात तीन. आज त्यांनी मला ओल्या चुन्यात हात घालायला लावला. "पंत, चुना हाताला कळतो, डोळ्याला न्हाई." हात भाजले. मी त्यांना शांतपणे समजावलं की माझी लाइन मॅनेजमेंटची. गवंडी बांधतो, मुकादम गवंड्याकडं बघतो, ओव्हरसियर दोघांकडं बघतो. ते पान थुंकून म्हणाले, "मग बघा."
बघत बसलो. अकराला डोळा लागला.

२० बहमन.
परीक्षेची माहिती मिळाली. औशाच्या रस्त्याला नाला आहे, त्यावर प्रत्येक उमेदवारानं एक कमान बांधायची. वरचा शेवटचा दगड, म्हणजे चावी, बसली की खालचा लाकडी साचा एकवीस दिवस तसाच ठेवायचा. मग मोहतमीम साहेबांच्या, म्हणजे बांधकाम खात्याच्या मोठ्या इंजिनियरच्या, समोर साचा ठोकून काढायचा. आणि त्या वेळी ज्यानं कमान बांधली त्यानं खाली उभं राहायचं!
रानटी पद्धत आहे. सुधारणा सुचवणारा अर्ज लिहायला घेतला. शाई संपली.

१२ इस्फंदार.
नारळ फोडून कामाला सुरुवात. नारळ मी स्वतः फोडला. (तिसऱ्या फटक्याला.)

१५ इस्फंदार.
चुन्याच्या घाणीवर ग्यानोबा आहे. मुखेडकडचा, चाळिशीचा. स्वतःचा बैल जुंपून दगडी चाक फिरवतो, त्याची बायको तुळजाबाई पाट्या वाहते. माणूस आज्ञाधारक. मला 'सायेब' म्हणतो. बाकीचे 'पंत' म्हणतात.
माणिकप्पा म्हणतात, तीन दिवस घाणी फिरल्याशिवाय चुना वापरायचा नाही. पण नांदेडहून कार्ड आलंय, परवा बापूसाहेबांकडं जेवण, आणि खाली विमलच्या अक्षरात एक ओळ : यावे. दीड दिवसात घाणी थांबवली. रजिस्टरमध्ये तीन दिवस लिहिले. गोल आकड्यानं पान छान दिसतं.
ग्यानोबा सगळ्यांच्या देखत म्हणाला, "सायेब, चुना कच्चा हाय. आजून बैल फिरू द्या." मी डिसिप्लिन म्हणून त्याला दुपारभर उन्हात कान धरून उभं केलं. तुळजाबाई समोरून पाट्या वाहत होती, मान खाली घालून. संध्याकाळी त्याला माझ्या विड्यातलं अर्धं पान दिलं. मी मनानं कठोर नाही.

१७ इस्फंदार, नांदेड.
जेवण उत्तम. कमान एकहाती बांधत आहे आणि परीक्षेला तिच्याखाली उभा राहणार आहे असं सांगितलं. बापूसाहेबांनी दुसऱ्यांदा वाढायला लावलं. माजघराच्या दारात विमलनं विचारलं, "खाली उभं राहायची भीती नाही वाटत?" मी हसलो. जरा जास्त वेळ हसलो असेन. ती म्हणाली, "मग त्या दिवशी मी उपास धरते. तुम्हाला डोळ्यांनी बघितल्यावरच सोडीन."
ही बाई माझ्या घरात यायलाच पाहिजे.

२४ इस्फंदार.
चावी बसली. माणिकप्पा मुलीच्या बाळंतपणाला उदगीरला निघाले. जाताना तीनदा बजावलं : आजपासून एकवीस दिवस साच्याला हात लावायचा नाही. म्हातारी माणसं तेच तेच बोलतात.

१ फरवर्दी.
मोहतमीम साहेबांचा दौरा परवा याच रस्त्यानं आहे! पुन्हा येणार ते पावसाळ्यानंतर. उमरीची जागा तोपर्यंत माझी वाट बघेल काय? हिशोब पुन्हा केला. नारळापासून मोजलं तर परवा एकवीस दिवस पुरे होतात. गणित माझं पहिल्यापासून चांगलं. कमान तयार आहे असं साहेबांना कळवलं.
ग्यानोबा म्हणाला, चावी बसून सातच दिस झालेत. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

२ फरवर्दी. दुपार.
ताप आल्यासारखं वाटतंय. अंग गार आहे, पण आतून.
आडवं पडून विचार केला. साहेब मला ओळखत नाहीत. रस्त्यावरून त्यांना दिसणार ती हॅट आणि कोट. हॅट आणि कोट माझेच असतील, म्हणजे एका अर्थानं मीच. अशा प्रसंगी योग्य माणूस योग्य जागी उभा करणं, यालाच मॅनेजमेंट म्हणतात.
ग्यानोबाला बोलावलं. तो म्हणाला, "आन् पडली तर, सायेब?" मी विचारलं, माझ्यावर विश्वास नाही? तो म्हणाला, "तुमच्यावर हाय. चुन्यावर न्हाई."
तुळजाबाई रडायला लागली. ओव्हरसियरचा कोट अंगावर चढणं हा केवढा मान आहे हे तिला समजावून सांगितलं. ऐकेना. मग दोघांची कामं बंद होतील असंही सांगावं लागलं. एकदाच सांगितलं.
ग्यानोबानं हॅट घालून हौदाच्या पाण्यात पाहिलं आणि हसला. त्याला ती जरा मोठी होते.

३ फरवर्दी. सकाळी दहा.
झोपडीत ब्लँकेट घेऊन पडलो आहे. इथून नाला दोनशे पावलं. साचा ठोकल्याचा आवाज येतोय. चार घाव. पाच.

दुपारी चार.
कमान पडली. साच्याचं लाकूड हलकं असणार.
ग्यानोबाचा उजवा पाय दगडांखाली सापडला. त्याच्याच बैलाच्या गाडीतून त्याला लातूरच्या दवाखान्यात नेलं. गुडघ्याखाली कापावा लागला म्हणतात. मला जाता आलं नाही, आता खरोखरच ताप भरला आहे.
हॅट पार चपटी.

४ फरवर्दी.
मोहतमीम साहेब फार हळवे निघाले. गाडी दिसेनाशी होईपर्यंत टोपी काढून उभे होते आणि तिथंच त्यांनी शेरा लिहिला : उमेदवार रेणुकादास स्वतःच्या कमानीखाली धैर्यानं उभे राहिले व जायबंदी झाले. नांदेडला बापूसाहेबांना तारही केली.
कोणीच काही बोललं नाही. कोटाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, अशी मी सगळ्यांना ताकीद दिली होती. डिसिप्लिन टिकलं. मी चूक दुरुस्त करणारच होतो. पण ताप.

५ फरवर्दी.
सनद आली! खास बाब म्हणून! अर्धा तास छातीशी धरून बसलो. मग पाठीमागचा मजकूर वाचला. उमरीच्या जागेला दोन पायांचा माणूस लागतो, सबब ती दुसऱ्याला देण्यात येत आहे. हरकत असल्यास डॉक्टरचा दाखला जोडून, घटनेच्या वेळी आपण नेमके कुठं होता ते लेखी कळवावे.
अर्ज तीनदा लिहिला. 'सदरहू पाय माझा नसून' याच्या पुढं जाता येईना.
संध्याकाळी माणिकप्पा उदगीरहून आले. पडलेल्या दगडाचा चुना त्यांनी दोन बोटांनी कुस्करला. रवा झाला. तो माझ्या तळहातावर ठेवला, माझी मूठ स्वतः मिटली आणि म्हणाले, "बघा." बराच वेळ मूठ उघडायचं धाडस झालं नाही.

६ फरवर्दी. दुपारी एक.
सर्व्हिस मोटारीतून बापूसाहेब आणि विमल उतरताना खिडकीतून दिसले. विमलला बापूसाहेबांनी धरलं होतं. तीन दिवस पाण्यावर.
विचार करायला वेळ नव्हता. खाटेवर पडलो, ब्लँकेट ओढलं आणि उजवा पाय खाली दुमडून घेतला.
बापूसाहेब रडले. कोर्टात साक्षीदारांना रडवणारा माणूस! म्हणाले, "जावईबापू, आम्ही तुम्हाला ओळखलं नाही. पाय असो नसो, विमल आजपासून तुमच्याजवळ." खाटेच्या कडेला बसून विमलनं माझा हात धरला. दीड वर्षात पहिल्यांदा.
मला हवं होतं ते सगळं मिळालं. पाय दुमडून काही वर्षं काढता येतील असं अगदी मनापासून वाटलं. मुंग्या येत होत्या, तरी.

तेवढ्यात दारात तुळजाबाई. हातात माझा कोट, धुऊन घडी केलेला. म्हणाली, "सायेब, डाग न्हाई निघाला. लई घासला." मी डोळ्यांनी तिला जायची खूण केली. ती गेली नाही. म्हणाली, "कारभारी शुद्धीवर आलेत. त्यांनी इचारलंय, सायबाचा ताप उतरला का?"
विमलनं माझा हात सोडला. ब्लँकेट बाजूला केलं. दुमडलेला पाय तिनंच धरून सरळ केला, आजाऱ्याचा करतात तसा, हळू. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले.
मी तापाबद्दल बोलायला लागलो. ती म्हणाली, "चालून दाखवा."
उठलो. पायाला मुंग्या होत्या, म्हणून पहिली दोन पावलं लंगडलो, पण पुढं नीट चाललो. समोरच्या भिंतीपर्यंत गेलो. मागं तुळजाबाईला कुणीतरी दवाखान्याचा रस्ता विचारत होतं, विमलचाच आवाज. भिंतीला हात लावून वळलो, तेव्हा खोलीत खाटेवर फक्त कोट होता.