पाऊण टाकी

शनिवार, १४ जून २०१४
बुकित बातोक, सिंगापूर

नवरा अजून गाल फुगवून बसलाय. बसू दे.

भाड्याची गाडी माझ्या नावावर, लायसन्सही माझं. इथली लेखी परीक्षा द्यायला सुधीरला कमीपणा वाटतो. पुण्यात एवढी वर्षं चालवली म्हणे! मग शेजारी बसून हुकूम कशाला सोडायचे?

सकाळी पेट्रोल भरायला वळत होते, तर म्हणाला, "वेडी आहेस का? मलेशियात स्वस्त आहे, तिकडेच भरू." आणि मी ऐकलं! सिंगापूरची गाडी तिकडे न्यायची तर टाकी पाऊण भरलेली लागते, हे माहीत असून. का ऐकलं?

तुआसच्या सीमानाक्यावर काटा जेमतेम अर्ध्यावर. ऑफिसरने पाहिलं आणि गाडी मागे फिरवायला लावली. सुधीरने लगेच पलीकडे जोहोरला आमची वाट बघणाऱ्या मित्राला फोन लावला. "अरे, हिने पेट्रोलच भरलं नाही. आता घरीच जातो."

हिने?

मी पंपावर टाकी गच्च भरली आणि पुन्हा तुआसचाच रस्ता धरला.

"अगं, घरी जायचंय ना?"

"तू जा. बसस्टॉप समोरच आहे."

मागून लेक अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, जस्ट सिट लाह."

मित्राने दारातच विचारलं, "काय वहिनी, पेट्रोल विसरलात?" मग मी सगळं सांगितलं. सुधीरसमोर, अगदी काट्यासकट.

येताना तो आपणहून मागे बसला, लेक पुढे आली.

बसू दे. तिथून काटा दिसत नाही.