आसा राजाचे पाय

अहो,

परवा तुम्ही गेल्याला वर्ष झालं म्हणून चर्चमध्ये झालेल्या स्मरण उपासनेत पाळकसाहेबांनी तुम्हाला योशीया राजाच्या रांगेत बसवलं. देवाच्या वाटेवरून कधी न ढळलेला राजा, म्हणे. सगळ्या मंडळीनं माना डोलावल्या. मला मात्र ते ऐकवेना, म्हणून लिहितेय. संडे स्कूलमध्ये इतकी वर्षं मी बायबलमधले हे राजेच शिकवले. तुम्ही योशीया नव्हता. तुम्ही आसा होता.

आसाची सुरुवात किती चांगली! सख्खी आजी देवाला सोडून मूर्तीकडे वळली, तर तिलाही त्यानं राजमातेच्या पदावरून उतरवलं. तुम्हीही सरपंच झाल्यावर आधी स्वतःच्या चुलत्याचं रस्त्यातलं अतिक्रमण काढलंत. चुलते बोलायचे बंद झाले, पण तुम्ही निवांत झोपायचात. केवढा अभिमान वाटायचा मला!

मग दुसऱ्या निवडणुकीची भीती कुठून शिरली हो? शत्रू दिसताच आसा देवाला विसरला. मंदिरातलं सोनंचांदी काढून त्यानं शेजारच्या अराम देशाच्या राजाकडे धाडलं, मदतीला ये म्हणून. तुमच्यापाशी सोनं नव्हतं. चर्चच्या आवारातलं बोअर होतं, अख्ख्या गल्लीला पाणी पाजणारं. ते तुम्ही, गावची मतं ज्याच्या हातात त्या पुढाऱ्याच्या डाळिंबाच्या बागेला जोडून दिलंत.

ग्रामसभेत एकटी रूथमावशी उठली. तुम्हाला लहानपणी प्रार्थना शिकवणारी म्हातारी.

"इजय," ती म्हणाली, "देवाच्या आंगनातलं पानी हाय ते. तुला कुनाचं भ्या वाटतंय रं?"

आसानं जाब विचारणाऱ्या द्रष्ट्याला कैदेत टाकलं. तुम्ही मावशीच्या घरचा ग्रामपंचायतीचा नळ तोडलात. जोडणी बेकायदेशीर आहे म्हणालात. आपला नळ मात्र चालूच राहिला. मावशी कंबर धरून लांबच्या हापशावर जायची. मी जेवताना विषय काढला, तर तुम्ही ताट सरकवून उठलात.

पुढं तुमच्या पायाला जखम झाली आणि ती चिघळली. आसालाही म्हातारपणी पायाचाच रोग जडला होता. देवानं शिक्षा केली असं मी म्हणणार नाही; शुगर होती आणि पथ्य तुम्ही पाळलं नाही. कड्याच्या डॉक्टरांनी नगरच्या दवाखान्यात हलवलं. पुढारी एकदाही फिरकला नाही. आली ती मावशी, एसटीनं, प्रार्थना करायला.

तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. हिज्कीया राजानंही मरणाच्या दुखण्यात भिंतीकडेच तोंड केलं होतं. पण तो देवापाशी रडला. तुम्ही मावशी जाईपर्यंत झोपेचं सोंग घेतलंत.

दारात ती मला म्हणाली, "त्याला म्हनावं, म्या नाराज न्हाई." मी निरोप दिला. तुम्ही पांघरूण ओढून घेतलंत. शेवटपर्यंत माफी मागितली नाहीत. एक शब्द इतका जड होता का?

राजे सगळेच चुकतात. दावीद काय कमी चुकला? पण तोंडावर सांगितल्यावर त्यानं मान खाली घातली. विश्वासू राजा आणि दुसरा, यांच्यात फरक तेवढाच. गावाच्या पोरांना मी तो शिकवला, माझ्या घरात मात्र कुणी शिकलं नाही.

उद्या प्लंबर बोलावलाय. आपल्या नळावरून मावशीच्या दारापर्यंत पाइप टाकणार आहे. पुढाऱ्याची माणसं विचारायला येतील. येऊ देत, दारात मी उभी राहीन. तुमच्या वतीनं माफी मात्र मागणार नाही. ती तुम्ही मागायची होती. मी पाणी देईन, आणि ते कुणाच्या भीतीनं बंद करणार नाही, एवढं वचन देते.

तरीही तुमचीच,
सुनंदा