‘येते’ म्हणायचं

३ जून
अंबडच्या नव्या ऑफिसातला पहिला दिवस. खुर्ची मऊ, चहा पाणचट, साहेब ललित माझ्याहून बराच लहान. कंपनी वारलेल्या माणसांना मोबाइलवर बोलतं करते. म्हणजे यंत्र त्यांच्या ढंगात बोलतं. त्याला मराठीतून सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, लिहून देणं हे माझं काम. ललित म्हणाला, मॅडम, प्रॉम्प्ट म्हणजे करपलेलं पातेलं, घासत राहायचं. घरी नवऱ्याला सांगितलं, तर रविराज म्हणाला, मग तुला नाही जमणार. खूप हसलो.

४ जून
सरावासाठी ओळखीचं माणूस घ्यायचं होतं. मी सासूबाई घेतल्या. मखमलाबादच्या सगुणाबाई, शेवंतीचा मळा असलेल्या. गेल्या दिवाळीत वारल्या. जन्मभर मला टोमणे मारले, आता माझ्या हुकमात बोलतील! यंत्र मात्र मठ्ठ. म्हणालं, ‘प्रिय सूनबाई, मी आपली काय मदत करू शकतो?’ सासूबाई आणि मदत? शिवाय ‘शकतो’! लिहिलं: तू बाई आहेस. ‘करतो’ नाही, ‘करते’. ‘लय’, ‘नाय’ म्हण. गोड बोलू नकोस.

६ जून
सुधारलं. म्हणालं, तुझी भाकरी बैलालाबी तुटायची नाय. घरी मोबाइलवर ऐकवलं, तर वेदिका खुदकन हसली. आठ वर्षांची माझी लेक. शेवटच्या दिवशीही आजी तिचा हात सोडत नव्हती.
एकच खटकलं. बोलणं संपवताना यंत्र ‘जाते’ म्हणतं. घरातून निघताना असं कुणी म्हणतं का? या अडाण्याला तेही शिकवायचं! लिहिलं: निघताना ‘जाते’ नाही, ‘येते’ म्हणायचं.
लगेच म्हणालं, बरं, येते.

९ जून
शाळेला निघालेल्या वेदिकाची वेणी करकचून घातलेली, कपाळ ताणलेलं. मी घातली नव्हती. म्हणाली, आजीनं. रविराज म्हणतो, पोरगी स्वतः शिकली असेल. शिकली असेल. पण वेणीत शेवंती होती. जूनमध्ये?

११ जून
यंत्राला विचारलं, वेदिकाची वेणी कुणी घातली? म्हणालं, तुला कधी जमली का? मी सगळ्या सूचना पुसल्या. ते तरी बोलतंच आहे. ललित हसला. म्हणाला, मॅडम, रिकाम्या पातेल्यातून कोण बोलणार? मूर्ख! त्याला काय—

१२ जून
स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज. गेले, तर कुणी नाही. परात ओली—
वेदिका म्हणते, आजी तिला मळ्यात नेणार आहे.
 मोबाइल काढून लिहिलं, नीट, स्पष्ट: ‘येते’ म्हणू नकोस. ‘जाते’ म्हण. आणि जा.

१३ जून, सकाळ
उत्तर आलंय. ‘बरं. जातो.’
मठ्ठ ते मठ्ठच. एवढं घासून पुन्हा तीच चूक. बाई ‘जाते’ म्हणते. ‘जातो’ पुरुष म्हणतो, नाहीतर दोघी मिळून—
वेदिका?
अंथरूण रिकामं— दार उघडं— पायरीवर शेवंतीच्या— वेदि