खिडकी कशात करायची?

३ फेब्रुवारी
बीसीएचं असाइनमेंट मिळालं. पायथनमध्ये स्क्रीनवर एक खिडकी करायची, तीत पाच विषयांचे मार्क भरायचे, बटण दाबलं की टक्केवारी. बस्स. जोडीला वर्गातली सुविधा. आईच्या ऑपरेशनमुळं तिची पहिली टेस्ट बुडाली, म्हणून यात वीसपैकी पंधरा पडलेच पाहिजेत, न्हायतर फायनलला बसू देणार न्हाईत. लॅपटॉप माझ्याकडं. तिला म्हटलं, तू बिनघोर राहा. दोन दिवसांचं काम.

५ फेब्रुवारी
आधी खिडकी कशात करायची ते ठरवायला पाहिजे. त्यासाठी चार तयार लायब्ऱ्या हाईत: टीकिंटर, पायक्यूटी, किवी का डब्ल्यूएक्स? घाईनं निवडणारा पुढं रडतो. तुलनेचा तक्ता करायला घेतला.

९ फेब्रुवारी, सकाळी ७
टीकिंटर पायथनबरोबरच येतं, शिकायला सोपं. म्हणूनच नको. सगळी पोरं तेच घेणार. पायक्यूटी देखणं. आज इन्स्टॉल करणार म्हणजे करणार.
संध्याकाळी: इन्स्टॉल झालं. दमलो. तक्त्यात रंग भरले.

१२ फेब्रुवारी
बोरगावच्या बसमधनं उतरल्या उतरल्या सुविधानं विचारलं, कुठवर आलंय. पाया झालाय म्हटलं. तसं खोटं न्हाय. पण तिच्या आईनं माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी पाठवलती. अजून नीट उभं राहता येत न्हाय त्यांना. चटणी फडताळात मागं सरकवली.

१५ फेब्रुवारी
नवाच घोळ. बटणावर भाषा कुठली? सर धारवाडचे, त्यांना मराठी येत न्हाय. आपल्या सीमाभागात एका पाटीवरनं काय काय होतं ते ठाऊक हाय. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही घातल्या तर वर कुठली? तक्त्याला तीन रकाने वाढले. घरी आप्पांना विचारलं. म्हणाले, बटण दाबल्यावर काय होतं ते आधी दाखव. आप्पांना टेक्निकल कळत न्हाय.

१९ फेब्रुवारी
सुविधाचे तीन फोन. उचलले न्हाईत. लई वाईट वाटलं. वाईट वाटण्यात अख्खा दिवस गेला, न्हायतर आज सुरूच करणार होतो.

२३ फेब्रुवारी
आज शेवटची तारीख. सुविधानं जेवणाच्या सुट्टीत कॉलेजच्या लॅबमध्ये बसून टीकिंटरमध्ये केलंय. चार दिवस डबा तसाच परत नेला म्हणे. चाळीस ओळींचा प्रोग्राम. वर दोघांची नावं, माझं आधी.

२५ फेब्रुवारी
तोंडी परीक्षा. सरांनी विचारलं, टीकिंटरच का? सुविधा म्हणाली, लॅबमध्ये तेच होतं. मग मला विचारलं. मी चारी लायब्ऱ्यांवर दहा मिनिटं बोललो. तक्ता दाखवला. सर एकदम खूश. सगळं मीच केलंय असं त्यांनीच धरून टाकलं. मी तक्त्यातले रंग समजावून सांगितले.
मला एकोणीस. सुविधाला तेरा.
जाताना म्हणाली, बेस बोललास रं. त्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ फेब्रुवारी
सरांना खरं सांगणारच. मार्क शनिवारी दुपारी एकपर्यंत बदलता येतात, मग लिस्ट युनिव्हर्सिटीला जाते. भरपूर वेळ हाय. फक्त तोंडी सांगू का मेल करू? कन्नडात का इंग्रजीत? असल्या नाजूक गोष्टीत घाई नको. तक्ता करायला घेतला.

२८ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी दीड
ठरलं. मेल, इंग्रजीत. पाठवला.
सरांचं लगेच उत्तर आलं, कन्नडात, एकच ओळ. लिस्ट एकला गेली.
सुविधाला हे कसं सांगायचं ते आता नीट ठरवायला पाहिजे.