पिवळी नळी आणि दातांची डॉक्टरीण

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (खरोखरचं वाकणं सध्या जमत नाही. पाठीवर लोखंडी टाकी घेऊन फिरल्याने कंबर धरली आहे, तेव्हा मनाने वाकले असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून आवाज करतो का? भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण तुझ्याशी काय खोटं बोलायचं, आम्ही खुशाल नाही. म्हणजे आमचे हे खुशाल आहेत, नको तितके खुशाल आहेत, आणि तेच माझं दुखणं आहे.

यांनी पाणबुड्यांच्या क्लासला नाव घातलंय हे तुला फोनवर सांगितलं होतं. तेव्हा आपण दोघी पोट धरून हसलो, कारण हा माणूस आंघोळीच्या पाण्यातसुद्धा आधी बोट बुडवून बघतो. आठवडाभर लिफ्टच्या खड्ड्यांत उतरून तारा आणि चाकं तपासायची आणि रविवारी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपायचं, हा यांचा क्रम. मला वाटलं, दोन रविवार जातील आणि नाकात पाणी गेलं की परत येतील. पण नाही. आता रविवारी माझ्याआधी उठतात, दाढी करतात (पाण्यात बुडायला जाणारा माणूस दाढी कशाला करतो, सांग मला), आणि शीळ घालत पिशवी भरतात. शीळ! आमच्या लग्नात वाजंत्री चालू असतानाही या माणसाचा पाय हलला नव्हता.

कारण काय, तर जोडीदार. पाण्याखाली एकट्याने जायचं नसतं, प्रत्येकाला एक जोडीदार लागतो. हा त्या क्लासमधलाच शब्द आहे, माझा नाही. आणि यांना जोडीदार मिळाली आहे ती दातांची डॉक्टरीण. उंच, शिडशिडीत, केस आखूड, पाण्यातून बाहेर आली तरी आत्ताच पावडर लावून आल्यासारखी दिसते. मी त्या रबरी पोशाखात शिरले की भरून ठेवलेल्या गादीसारखी दिसते. तिचे दात पांढरेशुभ्र आहेत, पण तो तिचा धंदाच आहे, त्यात कौतुक कसलं. यांची दाढ कितीतरी वर्षं ठणकत होती, मी सांगून सांगून थकले, डॉक्टरकडे जायचं नाव नाही. मागच्या महिन्यात ती दाढ एका दिवसात भरून झाली! मी विचारलं, दुखलं का? तर म्हणतात, छे, हात अगदी हलका आहे. ताई, मी आडपडदा न ठेवता सांगते, मी जळते. भांडी घासताना जळते, ग्राहकाच्या पँटची शिलाई उसवताना जळते, आणि कबूल करायला मला लाजही वाटत नाही.

आता पुढचं कळायला तुला नळ्यांचं प्रकरण समजावून सांगावं लागेल. पाठीवर हवेची टाकी असते आणि अंगात फुगणारं जाकीट. जाकिटात हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. टाकीच्या डोक्यातून चार नळ्या निघतात. एक उजव्या खांद्यावरून तोंडात येते, श्वासासाठी. एक डाव्या खांद्यावरून जाकिटाला जाते, ते फुगवायला. तिसरी डाव्या काखेखालून पुढे येते, तिच्या टोकाला हवा किती उरली ते दाखवणारा काटा असतो. आणि चौथी, पिवळीधमक आणि सगळ्यांत लांब, उजव्या काखेखालून छातीवर येऊन एका चापात अडकते. ही चौथी आपल्यासाठी नसतेच. ती जोडीदारासाठी. त्याची हवा संपली तर त्याने तुमच्या छातीवरची ही नळी ओढून तोंडात घालायची आणि तुमच्या टाकीतली हवा घ्यायची. म्हणून मास्तर (तिथले शिकवणारे, कमरेवर हात ठेवून उभे राहतात आणि सगळ्यांना ओरडतात) एकच गोष्ट घोकून घेतात, की कुठलीही नळी जाकिटाच्या पट्ट्याखाली जाता कामा नये. लोंबायलाही नको, कारण लोंबणारी नळी कुठेही अडकते. पण एका झटक्यात सुटली पाहिजे. मी हे पोहण्याच्या तलावाच्या काठावरच्या बाकावर बसून ऐकलं होतं, पण ताई, खरं सांगायचं तर माझं लक्ष शब्दांकडे नव्हतं.

लक्ष होतं ते तपासणीकडे. पाण्यात उतरण्याआधी जोडीदारांनी एकमेकांना तपासायचं असतं. ही डॉक्टरीणबाई यांच्यासमोर उभी राहते, खांद्यावरची नळी सरळ करते, काखेखालची पुढे घेते, छातीवरचा चाप ओढून बघते, कमरेचा पट्टा चाचपते. आणि हे हात वर करून उभे! घरी मी यांच्या शर्टाची कॉलर नीट करायला गेले तर मान झटकतात, गुदगुल्या होतात म्हणून. तिथे गुदगुल्या होत नाहीत. आणि ज्या माणसाला माझ्या कपातला घोटभर चहा चालत नाही, उष्टं म्हणून, तो परक्या बाईसाठी छातीवर हवा टांगून फिरतो. मी बाकावर बसून हे तीन रविवार पाहिलं आणि चौथ्या रविवारी क्लासला नाव घातलं. (माझी शिकवणी उथळ भागात होते. त्याबद्दल काही लिहीत नाही. एकदा उतरताना शिडीत अडकले होते एवढंच सांगते, आणि मला सोडवायला दोन माणसं लागली.)

पण नाव घालून तपासणी काही थांबेना, तेव्हा मी माझ्या परीने विचार केला. बाईला यांच्या नळ्या नीट कराव्या लागतात, कारण त्या नीट नसतात. त्या आधीच नीट असल्या तर तिला हात लावायचं कारणच उरणार नाही. बरोबर की नाही? आणि नीट करणं हा तर माझा धंदा. लोकांच्या कपड्यांची सुटलेली शिवण, लोंबणारं अस्तर, निघालेली घडी, दुकानात मी दिवसभर दुसरं काय करते? शनिवारी दुपारी यांचं जाकीट गच्चीत वाळत होतं. मी सगळं सामान आत आणलं, टाकीवर चढवतात तशा नळ्या खुर्चीच्या पाठीवर लावून बघितल्या, आणि कामाला लागले. त्या पिवळ्या नळीचा तो लांबच लांब फेरा मला पहिल्यापासून खुपत होता. तो मी कमरेच्या पट्ट्याच्या आतून घेतला. वर जाकिटाच्याच रंगाच्या कापडाची म्यानासारखी पट्टी शिवली, तोंडाशी टिचबटणं लावली आणि सुटू नये म्हणून दोन पक्के टाके घातले. बोट आत जाणार नाही अशी सफाई! संध्याकाळी हे आले, जाकीट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, वा, काय सुबक काम केलंयस. ताई, इतक्या वर्षांत माझ्या शिवणाला यांच्या तोंडून ‘वा’ आलेला मी पहिल्यांदा ऐकला.

रविवारी बाई तपासायला पुढे आल्या तेव्हा मी मध्ये जाऊन उभी राहिले. म्हटलं, झालंय सगळं, मी घरीच केलंय, तुम्ही तसदी घेऊ नका. बाईंनी वरवर पाहिलं, छान दिसतंय म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मास्तर तेव्हा दुसऱ्या टोकाला नवीन लोकांवर ओरडत होते, नाहीतर तिथेच सगळं निभावलं असतं.

त्या दिवशीचा धडा होता हवा संपल्याचा. (खरी संपत नाही, संपली असं दाखवायचं असतं.) मला वेगळा जोडीदार नव्हता म्हणून मास्तरांनी यांच्यातच घातलं, आणि तिघं तळाशी गुडघ्यांवर बसलो. बाईंनी गळ्यावरून आडवा हात फिरवून खूण केली आणि आपली नळी तोंडातून काढून यांच्या छातीवरच्या पिवळ्या नळीला हात घातला. ओढली. नळी आली नाही, हे आले. परत ओढली, हे आणखी जवळ आले. तिसऱ्यांदा जोर लावला तर हे कुशीवर वळून बाईंच्या मांडीवर कलंडले, पण माझा टाका तसूभर हलला नाही. एरवी मला किती अभिमान वाटला असता! बाईंच्या डोळ्यांत भीती दिसायला लागली, तोंडातून बुडबुडे यायचे बंद झाले. (त्यांनी स्वतःची नळी परत तोंडात का घातली नाही, हे मी नंतर मास्तरांना विचारलं. ती मागे टाकीखाली जाऊन अडकली होती आणि घाबरला की माणूस तिथे चाचपडतच नाही, असं ते म्हणाले.) आणि मग, ताई, यांनी आपल्या तोंडातली नळी काढली आणि बाईंच्या तोंडात दिली.

आपल्या तोंडातली! न धुता, न पुसता! बाईंनी दोन श्वास घेतले आणि परत दिली. यांनी ती लगेच तोंडात घातली, दोन श्वास घेतले, पुन्हा त्यांना दिली. मी हे हातभर अंतरावरून पाहिलं. मी ओरडले. पाण्याखाली ओरडू नये हे मला तेव्हा कळलं, कारण तोंडातली नळी निसटली, पाव तलाव पोटात गेला, आणि हवा सोडायच्या बटणाऐवजी मी भरायचं बटण दाबून धरलं. जाकीट टरारून फुगलं आणि मी थेट वर. वर हात-पाय पसरून उताणी तरंगत राहिले, वळताही येईना. त्यामुळे ते दोघं एकमेकांचा पट्टा धरून, उष्टी हवा वाटून घेत कसे वर आले, ते मला दिसलंही नाही. न दिसलेलं जास्त छळतं गं.

मास्तर धावत आले, जाकीट पाहिलं आणि असे भडकले की तलावातली सगळी माणसं काठाला लागली. ही नळी पट्ट्याखाली कोणी घातली? ही शिवली कोणी? मी अजून तरंगतच होते, पण तोंड उघडणार तेवढ्यात हे म्हणाले, मी. बाईंनी तो टाका बोटाने चाचपून पाहिला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. कपडे बदलायच्या खोलीत माझा पोशाख निघेना तेव्हा त्यांनीच तो ओढून काढला. ओढता ओढता म्हणाल्या, दवाखान्यातले पडदे शिवून द्याल का, तुमचं शिवण फार मजबूत आहे. वाईट वागली असती तर मला सोपं गेलं असतं.

मास्तरांचा निकाल असा: पुढच्या महिन्यात सगळे समुद्रात उतरणार. जोड्यांनीच उतरायचं, तिघांचं त्रिकूट चालणार नाही. हे आणि बाई तयार आहेत म्हणून ती जोडी, आणि मी काठावर. समुद्राच्या काठावर, ताई! तिथे तर तळही दिसत नाही. घरी आले ती ओल्या केसांनीच कागद घेऊन बसले. तुला लिहिल्याशिवाय चैन पडेना. उत्तर लवकर पाठव, गुडघ्याला जप.

तुझी धाकटी

ता. क. खरं सांगायचं ते राहिलंच. भाऊजी निवृत्त झाल्यापासून घरात बसून असतात असं तू म्हणत होतीस. त्यांना इकडे पाठवून दे की! रविवारी तलावावर जातील, तब्येत सुधारेल. बाईंना जोडीदार मिळेल आणि हे मोकळे होतील. बाईंबद्दल वर जे लिहिलंय त्यातलं फारसं मनावर घेऊ नकोस. स्वभावाने गरीब आहे, हात हलका आहे, आणि भाऊजींच्या दातांचंही काम होऊन जाईल.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. आत्ता हे चहा घेऊन आले. म्हणाले, नळी पट्ट्याखाली गेलीय हे मला शनिवारीच दिसलं होतं. पण तू माझ्या या नादाला पहिल्यांदाच हात लावलास, म्हणून उसवायला मन होईना. मग म्हणाले, मास्तरांना कळवलंय, यंदा समुद्रात जात नाही. पुढच्या वर्षी तू तयार झालीस की दोघं जाऊ. आणि माझा चहा निवला होता म्हणून आपला कप माझ्यापुढे सरकवला. अर्धा प्यायलेला. मी रडले, ताई, आणि तो सगळा संपवला.

तेव्हा भाऊजींची आता तशी गरज उरलेली नाही. तरी पाठवच. वर्षभरात अजून पुष्कळ रविवार येतात.