पाचव्या खेपेची अंडी

३ मार्च, मंगळवार

खाल्ली! परत खाल्ली!

सकाळी माशांच्या टाकीचा दिवा लावून बघते तर अंडी घालायला ठेवलेली पाटी चाटूनपुसून साफ. काल संध्याकाळी तीनशे तरी अंडी होती तिच्यावर, टाचणीच्या डोक्याएवढी, ओळीनं चिकटवलेली. आणि हे दोघं एंजल मासे काही घडलंच नाही अशा थाटात काचेशी येऊन खायला मागतायत. साळसूद कुठले! ही तिसरी खेप.

ह्याला सांगितलं. दाढी करता करता म्हणाला, "मग आज त्यांना दाणे नको टाकूस, पोटं भरलीयत." मी हसले नाही. त्यानं आरशात माझं तोंड पाहिलं आणि उरलेली दाढी उरकली. दत्तकाचा अर्ज करून तीन वर्षं झाली. तेव्हापासून या घरात काही विनोद आपोआप बंद पडलेत.

४ मार्च, बुधवार

कामावर दोन काचा वाकड्या घासल्या. चष्म्याच्या दुकानात बारा वर्षांत असं झालं नव्हतं.

७ मार्च, शनिवार

माशांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हातारा आहे, एका कानानं कमी ऐकतो, त्यामुळे माझं दुःख सगळ्या दुकानाला ऐकू गेलं.

"ताई, जोडी नवी आहे. शिकतायत."

"आईबाप व्हायला शिकावं लागतं?"

"मग! अंडी घालणं तेवढं न शिकता येतं. पुढचं सगळं शिकावंच लागतं."

म्हणाला, घाई असेल तर अंडी उचलून वेगळी ठेवा, बुरशीचं निळं औषध घाला, हवेचे बुडबुडे सोडा. मला घाई आहेच. कशाची, ते विचारू नये.

१० मार्च, मंगळवार

पुन्हा अंडी! या वेळी मी वाट पाहिली नाही. पाटी उचलली आणि छोट्या टाकीत ठेवली. निळं पाणी, बुडबुडे, सगळं सांगितल्याबरहुकूम. नर रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालत राहिला. तासभर. मला बघवेना म्हणून मी उगाच भांडी घासली. घासलेलीच होती.

सासूबाईंचा फोन. "तुझ्या माशांचं तरी झालं का काही?" त्या 'तरी'वर मी फोन ह्याच्या हातात दिला.

१२ मार्च, गुरुवार

सगळी पांढरी पडली. बुरशी. एकही वाचलं नाही. म्हणजे आता दोष त्या जोडीवर ढकलायची सोयही गेली.

आणि नेमकं आजच दत्तक संस्थेचं पत्र! घर बघायला बाई येणार — २४ तारखेला, अकरा वाजता.

१५ मार्च, रविवार

भांडण.

मागची खोली तीन वर्षांपूर्वी मुलासाठी म्हणून पिवळी रंगवली होती. मग वाट बघता बघता तिथं एक टाकी आली. मग दुसरी. आज मोजल्या तर पाच. हा दारात उभा राहून म्हणाला, "बाई विचारतील, मूल कुठं झोपणार? सांग, गप्पी माशांच्या शेजारी."

"तू लिफ्ट दुरुस्त करायला दिवसभर बाहेर असतोस. मी या खोलीत रिकामी बसले असते म्हणजे तुला बरं वाटलं असतं?"

"मी असं म्हणालो का?"

नव्हता म्हणाला. पण मी बोलून बसले होते.

संध्याकाळपर्यंत तीन टाक्या रिकाम्या केल्या. गप्पी शेजारच्या शिक्षिकाबाईंना बरण्यांत भरून दिले. हा टाक्या उचलत होता. एंजलच्या टाकीला हात लावला नाही. म्हणाला, "ही राहू दे." दुसरी राहिलेली आहे ती छोटी.

२० मार्च, शुक्रवार

पाचवी खेप. दुकानदाराला फोन केला. तो ओरडूनच बोलतो. "टाकीवर टॉवेल टाका! दिवा बंद-चालू करू नका! आणि ताई — तुम्ही बाजूला व्हा!"

टॉवेल टाकला. बाजूला झाले. म्हणजे खोलीबाहेर उभी आहे.

२१ मार्च, शनिवार

बघितलं नाही. (एकदाच बघितलं.)

२२ मार्च, रविवार

फुटली! अंड्यांतून शेपट्या वळवळतायत, सगळी पाटी थरथरतेय! ह्याला ओढत आणलं. टॉवेलचा कोपरा उचलून दोघं डोक्याला डोकं लावून बघत होतो. "जिवंत आहेत गं," म्हणाला. किती दिवसांनी असा जवळ उभा होता.

२४ मार्च, मंगळवार



बाई अकराला येणार होत्या, आल्या पावणेअकराला. मी नेमकी छोट्या टाकीतलं पाणी नळीनं बादलीत काढत होते. बेल वाजली, धावले — नळी तशीच बादलीत! बैठकीत बसलो. ह्यानं पगार, कामाच्या वेळा, सगळं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. बाई टिपून घेत होत्या. मी 'आम्ही दोघंही शांत स्वभावाचे आहोत' म्हणाले आणि आतल्या दाराखालून पाणी आलं.

बादली कधीच भरून वाहत होती. मी किंचाळले. हा घसरून पडता पडता वाचला. आणि बाईंनी चपला काढल्या, वही टेबलावर ठेवली, विचारलं, "फडकं कुठंय?" तिघं गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होतो. शांत स्वभावाचे!

पुसता पुसता मागच्या खोलीपर्यंत आलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "ही टाकी झाकून का ठेवलीय?"

"पिल्लं आहेत. उजेडानं, वर्दळीनं आईबाप खाऊन टाकतात."

"स्वतःचीच?"

"पहिल्या काही खेपांना. दुष्टपणानं नाही, हो. घाबरतात. त्यांना वाटतं, इथं काही ही जगायची नाहीत."

"मग तुम्ही काय केलंत?"

"आधी हिसकावून घेतली. ती माझ्या हातून मेली. या वेळी लांब राहिले. मला जमत नाही लांब राहणं... पण राहिले."

त्यांनी ओले हात पदराला पुसले, वही घेतली आणि लिहिलं. बराच वेळ लिहिलं.

त्या गेल्यावर हा भिंतीला टेकून म्हणाला, "शाबास! मूल मागायला बसलो होतो, आणि तू आईबाप पोरं कशी खातात ते समजावलंस."

२५ मार्च, बुधवार

काय लिहिलं असेल?

२६ मार्च, गुरुवार

ह्याची हाक — "ये! खातोय! नर खातोय!" जाळी घेऊनच धावले. खरंच, पाटीवरून निसटलेलं पिल्लू त्यानं तोंडात घेतलं. मी जाळी पाण्यात घालणार, तेवढ्यात ह्यानं माझं मनगट धरलं. "थांब." मी थांबले. नर पाटीशी गेला आणि पिल्लू थुंकलं, अगदी इतरांच्या मधोमध. मग दुसरं उचललं. तेही नेऊन ठेवलं.

ह्यानं मनगट सोडलं नव्हतं. मी रडत होते. तो नव्हता रडत.

२७ मार्च, शुक्रवार

पोहायला लागली. आईबाप मध्ये, भोवती धुरासारखी पिल्लं. कालपासून बाटलीत मिठाच्या पाण्यात आर्टेमिया हा कोळंबीसारखा बारीक जीव उबवत ठेवला होता, तो थेंब थेंब सोडला. एवढीएवढीशी पोटं नारिंगी झाली! दिवसातून चार वेळा भरवायचं. दुपारचं ह्यानं मागून घेतलं. जेवायच्या सुट्टीत घरी येतो म्हणाला.

३१ मार्च, मंगळवार

फोन वाजला. विमावाला. त्या बिचाऱ्यावर उगाच खेकसले.

४ एप्रिल, शनिवार

पिल्लं कमी झालीत. शंभरेक असतील. सगळी जगत नाहीतच, दुकानदार म्हणतो. मला माहीत आहे. तरी सारखी मोजायला जाते, आणि ती काही स्थिर राहत नाहीत.

सासूबाईंना ह्यानं सांगितलं, की यापुढे त्या विषयावर विचारायचं तर त्याला विचारायचं. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. ऐकलं हे त्याला सांगितलेलं नाही.

९ एप्रिल, गुरुवार

फोन आला. बाईंचाच.

तान्हं नाही. नऊ वर्षांची मुलगी. एका घरी राहून आलेली. 'परत केलेली' म्हणाल्या, मग घाईनं शब्द बदलला. आम्ही अर्जात दोन वर्षांच्या आतलं लिहिलं होतं. मी ह्याच्याकडे बघितलं. त्यानं मान डोलावली. शनिवारी भेटायला जायचं.

मुलीनं एवढंच विचारलंय म्हणे — तिथं दाराला आतून कडी लागते का?

मागच्या खोलीला लागत नाही. हा आत्ता कडी आणायला गेलाय.